सगळ्यात मोठं फोल्डर

अंजूने विळा खाली टाकला आणि फोन उचलला. करडी गावातल्या शेताच्या बांधीत धान कापायला ती आणि तिची आई उषाबाई, दोघीच होत्या.

"अंजू, ठेवू नको फोन," पलीकडून सचिन म्हणाला. "फोटो स्टुडिओतला कम्प्युटर चालू होऊन नाही राहिला. नुसता काळा पडदा आहे. विंडोज काढून त्याच्यात लिनक्स तूच टाकलं होतं ना? गिऱ्हाईक बसून आहे इथं."

याच सचिनने गेल्या वर्षी पाच माणसांसमोर "हिले काही येत नाही" म्हणून फारकत घेतली होती. येत्या रविवारी अड्याळला त्याचं दुसरं लग्न होतं.

"कंट्रोल आणि अल्ट दाबून ठेव. मग एफ थ्री दाब."

नवऱ्याला तिने कधी अरे-तुरे केलं नव्हतं. आज आपोआप तोंडातून गेलं.

"अक्षरं आली. पासवर्ड मागते."

"टाक."

मग डिस्क तपासायची कमांड ती एकेक अक्षर सांगत गेली, तो लिहीत गेला.

"शंभर टक्के दाखवते," तो म्हणाला.

"डिस्क भरली. म्हणून पडदा उघडत नाही. सगळ्यात मोठं फोल्डर कोणतं दिसते?"

तो अडखळला. "'सचिन-रिता'. धरणावरचं शूटिंग आहे आमचं. लग्नात दाखवाचं आहे, मोठ्या पडद्यावर."

 त्यांच्या लग्नानंतर धरणावर जाऊ म्हणून अंजू दोनदा मागे लागली होती. त्याला कधी टाईम नव्हता.

"लिही," ती म्हणाली. "आर, एम. जागा सोड. आडवी रेघ, आर. जागा सोड. आता त्या फोल्डरचं नाव."

"त्याले काही होणार नाही ना?"

"तुले कम्प्युटर चालू पाहिजे का नाही?"

बटणं वाजली.

"एन्टर मारू?"

"मार. आता बंद करून चालू कर."

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग तो ओरडलाच, "आलं! आलं, अंजू!" गिऱ्हाइकालाही त्याने हसत सांगितलं. मग एकदम त्याचा आवाज बदलला.

"पडद्यावरचा फोटो कुठी गेला? आमचा दोघांचा होता ना इथं... अन् ते 'सचिन-रिता' फोल्डरही दिसून नाही राहिलं... अंजू?"

तिने फोन कापला. तो लगेच वाजला. थांबला, पुन्हा वाजला.

"उचल ना वं," उषाबाई म्हणाली. "कोण आहे एवढं?"

अंजू बांधीच्या कडेला धुऱ्यावर पाय पसरून बसली. फोन तिने मांडीवर ठेवला.

"वाजू दे, माय. अजून थोडा वाजू दे."