एकोणिसावी

आमच्या गावातल्या पोरी शाळा संपली की मेलबर्नला पळतात, त्यामुळे बायकांच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या संघाला मैदानात लागणाऱ्या अठरा जणी कधी भरायच्याच नाहीत. शुक्रवारी फोन केला की पन्नाशीची ग्लेनिस विचारायची, “किती कमी?” आणि शनिवारी बेकरी लवकर बंद करून खेळायला यायची. यंदा मांसाच्या कारखान्यात कामाला आलेल्या नव्या पोरी संघाला मिळाल्या. “आज तू बस गं, मध्यंतराची संत्री काप,” त्या शनिवारी प्रशिक्षक म्हणाली. ग्लेनिसनं संत्री कापली, पण दातांचं रबरी कवच मोज्यात तसंच खोचलेलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदाच आम्ही जिंकायच्या बेतात होतो. शेवटी शेवटी आमची एक पोर लंगडत बाहेर आली. तिच्या जागी बदली पोर आत गेलीही होती, पण कवच तोंडात कोंबून ग्लेनिसही सवयीनं मैदानात धावली. समोरच्या संघाची कप्तान ओरडली, “पंच, यांना मोजा!” आम्ही रांगेत उभ्या राहिलो, एकोणीस जणी भरलो. एक जरी जास्त निघाली, तरी तोवरचे सगळे गुण पुसतात. आमचे पुसले. आमच्यात कुणी जास्त होईल, हे उभ्या जन्मात वाटलं नव्हतं. “जास्तीची कोण?” पंचानं विचारलं. सगळ्यांत नवी लोसालिनी रडवेली होऊन पुढे सरकली. ग्लेनिसनं दंड धरून तिला मागे ओढलं. “तू कुठं चाललीस? पुढच्या शनिवारी तू लागशील.” मग तोंडातलं कवच काढून ती मैदानाबाहेर चालू लागली. ते तिनं परत मोज्यात खोचलं नाही.