अखंड धार

"दोनच मिनिटं हं मावशी. फोन तुमच्या जाऊबाईंच्या कानाशी धरलाय, बोला," दवाखान्यातली सिस्टर म्हणाली.

थोरली जाऊ तेव्हा सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, मागच्या खोलीत हातात कुलूप घेऊन उभी होती. समाजातल्या बायका गेल्या की त्यांना शेवटची आंघोळ घालायची ती खोली. सकाळीच आरोग्य खात्याचं पत्र आलं होतं. साथ आटोक्यात येईपर्यंत मृतदेहाला कुणी हात लावायचा नाही. दवाखान्यातून बंद पिशवी येईल, ती तशीच दफन करायची.

बाकी सगळं समाजाने जमवून घेतलं होतं. बाकं एकाआड एक दोरीने बांधली. प्रार्थनेची पुस्तकं घरोघर पोचवली. रोजची प्रार्थना फोनवर आली. तिथे सगळ्यांचं 'आमेन' एकदम असं कधी आलंच नाही, आणि खजिनदार तर आपला आवाज बंद करायला विसरून भाजीवाल्याशी हुज्जत घालायचे. लोक हसायचे, प्रार्थना पुढे सरकायची. पण आंघोळ काही फोनवर घालता येत नाही.

आणि आता धाकटी जाऊ दवाखान्यात होती. आज नाहीतर उद्या, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

दोघी जावांनी या खोलीत वीस वर्षं जोडीने पाणी घातलं होतं. बादल्या तीन, पण धार एकच. एक बादली संपायच्या आत दुसरी सुरू व्हायला हवी. धार तुटली की पुन्हा पहिल्यापासून. आणि आत प्रार्थनेखेरीज अवाक्षर काढायचं नाही. हा नियम होता म्हणून बरं. कारण गेली अकरा वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि त्या खोलीत ते कुणाला कळलंही नाही. उलट बायका कौतुकाने म्हणायच्या, "काय शांत जोडी आहे!"

अकरा वर्षांपूर्वी याच खोलीतल्या आंघोळीच्या फळीवर सासूबाई होत्या. धाकटीची बादली संपत आली होती. थोरली मात्र सासूबाईंच्या कानाकडे बघत राहिली. कानातलं काढल्यावर पाळीचं भोक केवढं ओघळलेलं दिसत होतं. तेवढ्यात तिच्या बादलीला उशीर झाला. धार तुटली. सगळं पुन्हा करावं लागलं. बाहेर नणंदेने विचारलं, "एवढा वेळ का?" आणि थोरली बोलून गेली, "धाकटीला घाई फार. भसकन रिकामी केली बादली."

बस, एवढंच. पण नणंदेने धाकटीला चारचौघांत फैलावर घेतलं. माझ्या आईचं शेवटचं पाणीसुद्धा तुला नीट घालता आलं नाही, म्हणाली. थोरली शेजारीच उभी होती, तोंडात मिठाची गुळणी धरून. धाकटी काही बोलली नाही. मात्र तेव्हापासून ती बादली इतकी सावकाश ओतायची, की बघणाऱ्याचे हात दुखावेत.

"मावशी, बोला ना," सिस्टर म्हणाली.

सवयीने थोरलीच्या तोंडात तेच आलं, जे आंघोळ झाल्यावर प्रत्येकीचं नाव घेऊन म्हणायचं असतं. "आमच्या हातून काही कमीजास्त झालं असेल, तर माफ कर."

पलीकडे यंत्राची घरघर ऐकू आली. मग धाकटीचा आवाज, दोन श्वासांच्या मधून काढलेला. "ते... मेलेल्यांना म्हणतात. मी आहे अजून. मला नीट सांगा."

थोरलीने हातातलं कुलूप स्टुलावर ठेवलं.

"बादली माझी उशिरा उठली होती. तुझी काही चूक नव्हती. मी खोटं बोलले."

"माहितीय. मी समोरच होते की."

"मग बोलली का नाहीस गं?"

"आत बोलायचं नसतं ना, ताई." तिने श्वास घेतला. "बाहेर तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

थोरलीला रडू आवरेना. अकरा वर्षांत हजार वेळा दार ओलांडून जाता आलं असतं. दोघींच्या घरांच्या मध्ये जिना काय तो एकच होता.

"मला पाणी नाही ना मिळणार?" धाकटीने विचारलं.

या खेपेला थोरलीला खोटं बोलवलं नाही. "नाही गं. मनाई आहे."

"मग आत्ता घाला. मी ऐकते."

"मावशी, वेळ..." सिस्टर म्हणाली, पण फोन काही तिने काढून घेतला नाही.

थोरलीने फोनचा आवाज मोठा करून तो खिडकीत ठेवला. नळाखाली तिन्ही बादल्या भरल्या. कोरड्या फळीवर कुणी नव्हतं, आणि फळीच्या पलीकडे उभं राहणारंही कुणी नव्हतं. तिने पहिली बादली कलती केली. पाणी फळीवरून मोरीकडे धावलं. ते संपत आलं तशी तिने डाव्या हाताने दुसरी उचलायला घेतली. बादली काठोकाठ भरलेली, आणि तिचं वय सत्तर. एका हाताला ती पेलली नाही. जेमतेम वीतभर उठली आणि पुन्हा फरशीवर टेकली. पहिलीतलं पाणी तोवर संपलं होतं.

खोलीत काहीच वाजत नव्हतं. थोरली रिकामी बादली धरून फोनकडे बघत राहिली.

"तुटली," धाकटी म्हणाली. "या वेळी सांगितलं हं मी. चला, पहिल्यापासून."