बारा मिनिटांचा धडा

"बारा मिनिटांच्या धड्याला या मुलीने तीन तास लावलेत," ऑनलाइन वर्गाच्या प्रमुख बाई म्हणाल्या. "प्रत्येक वेळी हेच. आणि मार्क पैकीच्या पैकी. दुसरंच कोणीतरी उत्तरं पुरवतंय. शनिवारी यादीतून नाव काढा."

वर्गातली निम्मी मुलं पहिल्या दोन महिन्यांतच गळाली होती. ही टिकली होती, पण कॅमेरा कायम बंद. वर्षभरात तिने दोनच विनंत्या लिहून पाठवल्या होत्या. सरांनी फळ्याकडे वळून बोलू नये, ही पहिली. सरांनी मिशी जरा कापावी, ही दुसरी. त्यावर वर्ग आठवडाभर हसला होता. विज्ञानाच्या सरांना तो आगाऊपणा चांगलाच झोंबला होता.

तरीही ते म्हणाले, "आधी बघून येतो, मॅडम. मग काढू."

पत्त्यावर यंत्रमागांची शेड निघाली. आठ माग एकदम धडधडत होते. जमिनीची थरथर चपलांतून पायात चढत होती. कोपऱ्यात सुताच्या बाचक्यांशेजारी ती बसली होती, दाराकडे पाठ करून. समोर डब्याला टेकवलेला फोन, फोनमध्ये खुद्द सर. ती दोन वाक्यं बघायची, थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा बघायची. मग लिहायची.

सरांनी दोन हाका मारल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही. आणि ही पोर इथे शिकत होती! पंख्याखाली बसून "लक्षच लागत नाही" म्हणणारा स्वतःचा मुलगा त्यांना आठवला.

मागावरून तिचा बाप पुढे आला. त्याचे ओठ हलले, सरांना काही कळलं नाही. मग तो त्यांच्या कानाशी येऊन ओरडला, "इथे घसा फोडून उपयोग नाही, सर! आम्ही सगळे ओठांवरच बोलतो!"

"तिला प्रश्न विचारायचेत!" सर ओरडले.

बापाने तिच्या खांद्याला हात लावला. ती दचकली, सरांना बघून उजळली. सरांनी तिच्या वहीत लिहिलं, 'आवाज पोकळीतून का जात नाही?'

तिने लगेच लिहिलं, 'तिथे कणच नाहीत. धक्का कोण कोणाला देणार?'

सरांनी आणखी चार प्रश्न लिहिले. चारही उत्तरं बरोबर, आणि भाषा पुस्तकातली नव्हे, तिची. सरांनी खिशातली यादी काढली आणि तिच्या नावापुढे लिहिलं, 'कायम'. तिने ते वाचलं, डोळे पुसले आणि पुन्हा फोनकडे वळली. धडा अर्धाच झाला होता.

तेवढ्यात वीज गेली. आठही माग थांबले. शेडमध्ये एवढी शांतता पसरली, की तिच्या पेन्सिलीची खरखर ऐकू येऊ लागली. फोनमधले सर तोंड हलवत होते. आवाज मात्र कुठेच नव्हता, आणि तिच्या कानात इयरफोनही नव्हते.

"शाब्बास, पोरी!" तिच्या मागे उभे राहून सर मनापासून म्हणाले.

पेन्सिल थांबली नाही.

"पाठीमागून बोलून काय उपयोग, सर?" बाप हळूच म्हणाला. "समोर या. आणि तेवढं मिशीचं मनावर घ्या."