सभ्य शेजार

“माणसानं जगावं कसं, ते कॅनडाच्या हिवाळ्यापासून शिकावं बाबूजी,” चंद्रकुमारनं व्हिडिओ कॉलवर जाहीर केलं. मफलर आणि कानटोपीतून त्याचं फक्त नाक दिसत होतं, आणि तेही गळत होतं.

इकडे पवनीत त्याचे वडील ताराचंद चार शेजाऱ्यांसोबत सकाळची शेकोटी शेकत बसले होते.

“तुमी अजून तसेच धूर खात दुसऱ्याच्या घरच्या उठाठेवी करून राहिले का? निव्वळ गावंढळपणा! इथं तीन महिने झाले, शेजाऱ्याचं तोंड नाही पाहिलं. याले म्हणते सभ्यता.”

“बरं बाप्पा. ठेवू मंग फोन?”

“नका ठेवू!” चंद्रकुमार दचकला. “मोबाइल तिथंच विटेले टेकवून द्या. आमच्याशी नका बोलू, तुमी आपसात बोलत राहा. मी, तुमची सून अन् नातू, आमचं तिघांचं जेवण होईपर्यंत.”