जुन्या तुडुमातली हाक

जुन्या तुडुमातून आधी चांदीचा करगोटा निघाला, मग हाडं.

रोजगार हमीच्या बायांनी घमेली जागच्या जागी ठेवली. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून रखडलेलं तलावाचं काम या उन्हाळ्यात कुठं सुरू झालं होतं. तुडूम, म्हणजे तलावाच्या मातीच्या पाळीच्या पोटातली ही दगडी विहीर, जिच्यातून पूर्वी खालच्या धानाला पाणी सुटायचं, तीही उकरायला घेतली होती. लाखांदूरला पोलिसांकडं माणूस धावला. म्हाताऱ्या तुळसाबाईला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती आली. करगोटा हातात घेऊन तिनं त्याची आकडी चाचपली. लग्नात तिच्या बापानंच तो जावयाला घातला होता.

"आमच्या जागेश्वरच्या बापाचा होय," ती म्हणाली आणि खाली बसली.

तिचा नवरा परसराम नाहीसा झाला त्या साली पावसानं दगा दिला होता. दादाजी मालगुजारांनी तलावाचं पाणी आपल्याच धानाच्या बांध्यांसाठी अडवलं. वस्तीचं धान करपायला लागलं, तेव्हा परसराम पहाटेच तुडूम उघडायला गेला, तो परतला नाही. भिऊन रायपूरकडं पळाला, असं दादाजींनी सांगितलं आणि गावानं मानलं. पुढं त्यांनी पदरचे पैसे घालून नवं तुडूम बांधलं, जुनं बुजवलं. गावात त्यांचं नाव झालं. त्याच नावलौकिकात ते वारले.

तुळसा तेव्हा त्यांच्याकडं धान सडायला जायची. दादाजींची बायको गिरजाबाई तिच्याच वयाची. चारचौघांत 'मालकीणबाई' आणि मागच्या आवारात नुसती 'गिरजा', अशी त्या दोघींची मैत्री होती. मुलाच्या, गोपीचंदच्या, वेळी गिरजाला दूध आलं नाही, तर तुळसानं त्याला गुपचूप पाजलं होतं. तरी उंबऱ्याच्या आत ती कधी गेली नव्हती.

गेली ती एकदाच. परसराम घरी आला नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी. गिरजानं तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, चुलीजवळ बसवलं, ताटात ऊन भात वाढला. तुळसाला घास गिळवेना, तरी त्या मायेनं तिचे डोळे भरून आले. मग गिरजा हळूच म्हणाली की पाळीकडं जाऊ नको, जुन्या तुडुमात काहीतरी आहे, माणसाच्या आवाजात हाक मारतं.

"आयकू आली तं ओ देजो नोको."

त्याच दिवशी दिवस कलताना, नवऱ्याला शोधत पाळीखालून जाताना, तुळसाला हाक ऐकू आली होती. बारीक, जमिनीतून आल्यासारखी. तिच्याच नावाची. पदर कानांवर घट्ट धरून ती वस्तीपर्यंत पळत सुटली होती.

ती हाक कुणाची होती, हे तिला आता पाळीवर बसल्या बसल्या कळलं. 

एवढ्यात बाया बाजूला झाल्या. रणरणत्या उन्हात गिरजाबाई अनवाणी चालत आली होती. मागून गोपीचंद तिला घरी चल म्हणून दटावत होता. ती थांबली नाही. उकरलेल्या खड्ड्यात तिनं एकदा पाहिलं आणि तुळसासमोर येऊन उभी राहिली.

"गिरजा," तुळसानं सगळ्यांदेखत हाक मारली. "तुले मालूम होतं?"

गिरजाबाईनं होकाराची मान हलवली. मग थांबत थांबत बोलली. दादाजींनी परसरामला आत ढकलून वर लाकडी पाट लावला, तेव्हा तिला वाटलं होतं की राग उतरला की मालक त्याला काढतील. ती त्यांच्या पाया पडली. तुळसा जेवून गेल्यावर त्यांनी तिला खोलीत कोंडलं आणि त्याच सांजच्याला माणसं लावून तुडुमात गोटे टाकले.

"मंग मले हाकेचं तसं काहून सांगतलं?"

"तू ओ देली असती तं त्यायनं तुलेबी आत लोटलं असतं."

तुळसाच्या मनात आलं, हे खरं असेल. किंवा इतकी वर्षं स्वतःला समजावून समजावून गिरजाला ते खरं वाटायला लागलं असेल. विचारून कळण्यासारखं ते नव्हतं.

लाखांदूरहून जमादार आला. गोपीचंदनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आईचं वय झालं, डोकं ठिकाणावर नाही, काहीही बरळते. जमादारानं बायांकडं पाहिलं. कुणाला रोजचं काम द्यायचं, ते गोपीचंदच्याच हातात. बाया खाली बघू लागल्या. गिरजाबाईचे पाय थरथरत होते.

तुळसा गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिनं गिरजाबाईचं मनगट धरलं.

"तिचं डोकं जागेवर हाये, साहेब. गिरजा सांगते ते लिहून घ्या."

पडू नये म्हणून धरलं, की माघारी वळू नये म्हणून, ते बघणाऱ्या कोणालाच कळलं नाही. गिरजाबाईनं मात्र हात सोडवून घेतला नाही.