खाली मान घालून

"अजून वाक," धाकटी म्हणाली.

"किती वाकू? कंबरेचा काटा ढिला झाला," दादा करवादला. बाबांचा जुना करडा स्वेटर त्याला खांद्यांत आवळत होता.

या छपाईच्या दुकानात जाहिराती तयार करायचं काम धाकटीचं. आज मालकानं सगळं दुकानच तिच्या हवाली केलं होतं. बाबा काल सकाळी कडी काढून बाहेर पडले ते परतलेच नाहीत. हल्ली त्यांना घराचा रस्ताही आठवत नसे. काल भिंतींवर दोनशे पत्रकं लावली, पण पालथ्या घड्यावर पाणी. एक फोन नाही. हृदयाच्या गोळ्या चुकल्याला दीड दिवस झाला होता. संध्याकाळच्या आत सापडायला हवेत, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

पत्रकावर बाबांचा समोरून काढलेला फोटो होता, ताठ मानेचा. पण गेली चार वर्षं ते पार वाकून चालत. रस्त्यात त्यांचा चेहरा दिसणार कुणाला? दिसणार ते टक्कल, पाठ आणि मागे बांधलेले हात. म्हणून ती स्टुलावर चढून वरून फोटो घेत होती आणि दादाला तिनं बाबा केलं होतं.

"पाठमोऱ्या माणसाची जाहिरात! लोक हसतील."

"हसू देत. बघतील तरी. हात मागे घे. तसे नाही, डावा उजव्यात. आणि पाय घासत चाल."

"तुला बरं सगळं माहीत!"

"मी त्यांच्या मागून चालते. तू कायम दहा पावलं पुढे."

दादाच्या वर्मी लागलं. तो पाय घासत दारापर्यंत गेला आणि तिथेच थबकला. वर न बघताच म्हणाला, "चिमे, इथून काहीच दिसत नाही गं. ना दुकान, ना पाटी. नुसती जमीन."

ती स्टुलावरून उतरली आणि त्याच्या शेजारी तशीच वाकून उभी राहिली. उंबरठा, दोघांच्या चपला, पुढे फुटपाथच्या चार फरश्या. कालपासून आपण गावभर लोकांना हाका मारतोय, बाबांना एकही मारली नाही.

पाठमोरं पत्रक तिनं छापायला लावलं आणि लगेच दुसरं कोरं पान उघडलं. त्यावर फोटो घेतला नाही, नुसती पानभर काळी अक्षरं टाकली.

"ही भिंतीवर नाही लावायची. फुटपाथवर. घरापासून चारी रस्त्यांना, दर वीस पावलांवर एक."

"थांबतील ते?" दादानं विचारलं. "परवा मला विचारत होते, तुम्ही कोण म्हणून."

यंत्रातून पहिला कागद बाहेर आला. दादानं तो उचलला.

'बाबा, ईथेच बसा. आम्ही येतोय.'

"अगं, काय हे! 'इथेच'मधला इ ऱ्हस्व. बाबांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, आणि त्यांच्याच मुलीनं..."

"राहू दे तसाच," धाकटी म्हणाली. "आपण त्यांना आठवू, न आठवू. तो ई दुरुस्त केल्याशिवाय बाबा पुढे पाऊल टाकायचे नाहीत."