आकडा उतरला का?

रिसीव्हरमध्ये अँटेनाला लागून असतो तो पहिला अ‍ॅम्प्लिफायर तिने दोन वर्षं खपून तयार केला होता. क्षीण सिग्नल मोठा करायचा आणि त्यात स्वतःचा नॉइज मिसळू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. पण मोजणीत नॉइजचा आकडा अडून बसला होता, आणि शुक्रवारपर्यंत तो उतरला नाही तर डिझाइन रद्द होणार होतं.

बाहेरचे सिग्नल आत येऊ नयेत म्हणून मोजणीची खोली चारी बाजूंनी पत्र्याने मढवलेली होती. दारावर साहेबांच्या सहीची सूचना होती: 'मोबाईल बाहेर ठेवूनच आत यावे.' साहेबांचा खाक्या असा, की मोजणी त्यांच्या डोळ्यांदेखतच व्हायची. ते येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहत.

"उतरला का?"

"नाही, साहेब."

"मग आणखी काहीतरी बदला की, मॅडम."

तिने कॉइल बदलली, ट्रान्झिस्टर बदलला, शेवटी अख्खा बोर्ड नव्याने केला. आकडा जागचा हलला नाही.

गुरुवारी साहेब रजेवर होते. न राहवून तिने एकटीनेच मोजणी केली, आणि आकडा हवा तेवढा खाली आला. तिने पाच वेळा मोजून पाहिलं. पाचही वेळा तोच.

शुक्रवारी सकाळी साहेब घाईघाईने आले आणि दार उघडं धरून उंबऱ्यातच उभे राहिले.

"उतरला म्हणे. नेमकं काय बदललंत?"

"काहीच नाही, साहेब. काल तुम्ही रजेवर होतात."



साहेब यावर काही बोलणार, तोच त्यांच्या खिशातला फोन वाजला आणि तिच्यासमोरच्या मोजणीयंत्राच्या पडद्यावरचा आकडा वर चढला.